न पेटणारा दिवा : दहा वर्षं जुन्या व्हॅनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यात गेली नऊ वर्षं डबे पुरवणाऱ्या एका ताईंचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, बाकी घडलं तसं लिहिलं आहे. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. ताईंचा मुलगा आमच्याच संस्थेत फिटरच्या दुसऱ्या वर्षाला होता, त्यामुळे मी यात आलो, आणि आलो तेव्हा गाडीचे पैसे देऊन झाले होते.

ताईंचे सत्तर डबे एमआयडीसीतल्या कारखान्यांत जातात. सकाळी साडेअकराला एक खेप, संध्याकाळी सातला दुसरी. दोन्ही खेपांना भाड्याचा तीनचाकी टेम्पो, रोजचे ६५० रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १६,९०० रुपये नुसते भाड्यात जायचे. टेम्पोवाला आला नाही की ताई रिक्षात पिशव्या कोंबून निघायच्या. स्वतःची गाडी हवी हा विचार त्यांच्या डोक्यात दोन वर्षं घोळत होता.

जून २०२४ च्या दुसऱ्या शनिवारी त्यांनी २०१४ सालची एक कार्गो व्हॅन घेतली. पिवळी नंबर प्लेट, पेट्रोलवर चालणारी, बाहेरून सीएनजी किट बसवलेली आणि किटची नोंद आरसीवर असलेली. पुढच्या सीटखाली इंजिन, मागे सरकते दार. गावोगावी दूध, पाव, सिलिंडर वाहताना दिसते तीच गाडी. मीटरवर ९२,४१८ किलोमीटर. किंमत १,८५,००० रुपये. त्यातले ८०,००० बचत गटाचं कर्ज, ६०,००० साठवलेले आणि ४५,००० एक पाटली गहाण ठेवून उभे केलेले. त्या पाटलीचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय घेताना ती आमच्या समोर होती.

पाहणी आणि सौदा

गाडी एका एजंटाकडे उभी होती. ताई, मुलगा आणि त्यांच्या ओळखीचे एक ड्रायव्हरकाका असे तिघे संध्याकाळी गेले. ते पोचले तेव्हा गाडी चालूच होती. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली," असं एजंट म्हणाला. काकांनी एक चक्कर मारली, क्लच पाहिला, गिअर पाहिले, खालून चॅसी पाहिली, चारही टायरवर हात फिरवला. त्यांनी पाहिलं ते नीटच पाहिलं. चॅसीला गंज नव्हता, गिअर मऊ पडत होते, धूर नव्हता. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नव्हता आणि सगळ्यांनी ती चांगली खूण मानली.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं पहिलं वळण इथेच आहे. कुठल्याही इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली आणि सेल्फ मारला नाही, की मीटरमध्ये ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा आणि इंजिनचा पिवळा दिवा पेटलाच पाहिजे. दिवा जिवंत आहे हे गाडी त्यातून सांगते. इंजिन चालू झालं की ते विझतात. म्हणजे दिव्यांची तपासणी सेल्फच्या आधीच्या त्या तीन-चार सेकंदांत होते. गाडी आधीच चालू करून ठेवली असेल तर ते सेकंद खरेदीदाराला मिळतच नाहीत. काकांनी गाडी एकदा बंद करून पुन्हा चावी फिरवली असती, तर ताईंना त्याच संध्याकाळी कळलं असतं.

कागदपत्रांत फार गुंता नव्हता. कर्जाचा बोजा नव्हता, दोन ई-चलनं बाकी होती ती एजंटाने भरली, गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विमा मूळ मालकाच्या नावावर होता. तो चौदा दिवसांत नावावर करण्यासाठी कळवायचा असतो हे मुलाला माहीत होतं आणि त्याने ते केलं. पासिंग सप्टेंबरपर्यंत होतं. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दर वर्षी पासिंग लागतं, तेव्हा तीन महिन्यांत गाडी आरटीओसमोर उभी करायचीच होती. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली होणारी मजबुतीची तपासणी, मात्र कुणीच विचारली नाही. पावतीवर एजंटाने लिहून दिलं होतं : "गाडी आहे त्या स्थितीत, कागदपत्रं क्लिअर." हे शेवटचे दोन शब्द पुढे कामी आले.

अडचण

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पावसाने जोर धरला, वायपर आणि हेडलाइट एकदम चालू करावे लागले आणि बॅटरीचा लाल दिवा मंद पेटू लागला. पूर्ण नाही, निखाऱ्यावर राख बसावी तसा. चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडी चौकात थांबली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलेटर दिला की जायचा. पाचव्या दिवशी हँडब्रेकचा दिवा, तोही डावीकडे वळताना, क्षणभर. त्यातच गाडी चढाला मिसिंग मारत होती, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच न पेटल्याने झटके देत होती, आणि सीएनजी अपेक्षेपेक्षा लवकर संपत होता.

मुलाने आजूबाजूला विचारलं. एकाने सांगितलं, बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला. जुन्या बाजारातून त्याने ३,५०० रुपयांना अल्टरनेटर आणला, परत न घेण्याच्या बोलीवर. एका गॅरेजवाल्याने पाचशे रुपयांत "सगळे कोड उडवून देतो" म्हटलं, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष पुसून टाकतो. कंपनीच्या एका अधिकृत वर्कशॉपने तपासणी करून ४३,६०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं : अल्टरनेटर, ऑइल पंप, ऑक्सिजन सेन्सर, बॅटरी, ब्रेकचं काम. सहाव्या दिवशी संध्याकाळी मुलगा ते एस्टिमेट घेऊन माझ्या दारात आला. "सर, आईला अजून दाखवलं नाही," एवढंच म्हणाला.

चावीवरची तपासणी

मी गेलो तेव्हा ताई दुसऱ्या दिवशीच्या मटकीला मोड आलेत का ते पाहत होत्या. गाडी अंगणात. इंजिन थंड होतं, मला तसंच हवं होतं. मुलाला बाजूला बसवलं, मीटरवर हाताची सावली धरली आणि त्याला म्हटलं, मी चावी ऑन करतो, सेल्फ मारणार नाही, तू फक्त मोज.

ऑइलचा लागला. बॅटरीचा लागला. हँडब्रेक ओढलेला होता, तो लागला. इंजिनचा पिवळा दिवा लागलाच नाही.

ताईंना त्रास देणारे तीन दिवे होते. मला धास्ती वाटली ती चौथ्याची. चालत्या गाडीत अंधारात असलेला दिवा सगळं ठीक असल्याची खूण असू शकते, पण चावीवर अंधारात असलेला दिवा म्हणजे बल्ब गेला, वायर तुटली किंवा कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं. मीटर खोलला. मागे दाण्याएवढा बल्ब असतो, खोबणीत पिळून बसवलेला. तो जागेवर होता, चांगला होता, आणि त्याच्याभोवती काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे घट्ट मारलेले होते. टेपच्या कडेला धूळ चिकटून तिची बारीक रेघ झाली होती. म्हणजे टेप आठवड्याभरापूर्वीची नव्हती, बरीच जुनी होती. मी ती नखाने सोडवली आणि ताईंच्या हातावर ठेवली. त्या बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या.

मग ते कोड वाचणारा स्कॅनर लावला. १ एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे प्रदूषणाच्या बीएस-४ निकषाच्या चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था, बंधनकारक झाली. या गाडीत स्टिअरिंगखाली तिचा सॉकेट मिळाला. तीन कोड निघाले : पी०५६२, म्हणजे गाडीतला व्होल्टेज कमी, पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी, आणि पी०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतो आहे. कोडइतकाच महत्त्वाचा आणखी एक आकडा असतो, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली तो. सगळ्याच जुन्या गाड्यांत मिळत नाही, या गाडीत मिळाला : ७१ किलोमीटर. मीटर दाखवत होता ९२,४८३. खरेदीच्या पावतीवर ९२,४१८. म्हणजे ताईंच्या ताब्यात गाडी आल्यापासून ६५ किलोमीटर झाले होते आणि कोड पुसले गेले होते ते त्याच्या सहा किलोमीटर आधी.

मुलगा तिथेच एजंटाला फोन लावायला निघाला होता. मी थांबवलं. बॅटरीची वायर काढून लावली तरी बऱ्याच गाड्यांत कोड पुसले जातात, आणि एजंट नेमकं तेच म्हणणार होता. पुढे तो तेच म्हणाला. टेप तर त्याच्याही आधीची होती. कुणी काय लपवलं हे सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं आणि रात्री नऊला फोनवर भांडून सकाळचे डबे पोचणार नव्हते.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री ओट्यावर बसून आम्ही चार वाटा मांडल्या.

गाडी परत करणं ही पहिली. पावतीवर "आहे त्या स्थितीत" लिहिलेलं होतं. तरीही वाट पूर्ण बंद नव्हती : स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर ग्राहक संरक्षण कायद्यात ती घेणारा ग्राहकच धरला जातो, जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसतं. पण निकाल लागेपर्यंत गाडी दारात उभी आणि बचत गटाचा हप्ता चालू. ताईंनी ही वाट मागे ठेवली. पावती, टेप आणि स्कॅनरचे फोटो मात्र जपून ठेवले.

दुसरी, कोड उडवून गाडी चालवत राहणं. हिच्यावर मी दोन मिनिटंही घालवली नाहीत. तापाच्या माणसाच्या तोंडातून थर्मामीटर काढून घेण्यासारखं ते आहे.

तिसरी, वर्कशॉपचं एस्टिमेट मान्य करणं. तिथे माझ्या मनात खरंच तळ्यात-मळ्यात होतं. त्या लोकांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दिवा दिसला की त्या दिव्याशी संबंधित सगळ्यात मोठा भाग बदलायचा, म्हणजे गाडी परत येत नाही, असा तो हिशोब असतो. पण एस्टिमेटमध्ये कुठेही मोजलेला आकडा नव्हता. ऑइलचं प्रेशर किती, चार्जिंग किती व्होल्ट, काही नाही. नुसती पार्टची यादी.

चौथी, एकेक दिवा घेऊन आधी मोजायचं आणि मगच पार्ट घ्यायचा. ओळखीचे एक मिस्त्री आणि एक ऑटो इलेक्ट्रिशियन तयार होते. खर्चाची मर्यादा २०,००० ठरली. त्याच्या वर गेलं तर थांबायचं आणि पहिल्या वाटेचा पुन्हा विचार करायचा.

ठरलं चौथं. पण ताईंची एक अट होती : दिवसा डबे पोचवायचे, रात्री काम करायचं. यावर आमचं वाजलं. टेम्पोचे पुन्हा ६५० रुपये रोज द्यायचे तर गाडी घेतली कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ऑइलचा दिवा खरा असेल आणि इंजिन जाम झालं तर नवीन इंजिन बांधायला पाटलीही पुरणार नाही. आणि गाडी बंद पडलीच तर सत्तर माणसं उपाशी राहतील. ताई गप्प झाल्या, मग मुलाला म्हणाल्या, "टेम्पोवाल्याला फोन लाव." टेम्पो अकरा दिवस लागला. या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

काय केलं : ऑइल

मिस्त्री प्रेशर गेज घेऊन घरीच आले. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल खालच्या खुणेवर, डांबरासारखं काळं आणि पाण्यासारखं पातळ. आधी ऑइल आणि फिल्टर बदलला. मग ऑइल स्विच काढून त्या जागी गेज बसवलं आणि इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत वीस मिनिटं चालू ठेवलं. आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न देता, १.१, तीन हजार आरपीएमला ३.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. प्रेशर साधारण ०.३ च्या आसपास उतरलं की स्विच दिवा पेटवतो. प्रेशर ठणठणीत होतं आणि ऑइल पंपाला काही झालेलं नव्हतं. काढलेल्या स्विचच्या टोकाशी ऑइल झिरपून कनेक्टर ओला झाला होता. नवा स्विच ३२० रुपयांचा. दिवा गेला.

जुन्या ऑइलवर गेज लावून पाहिलं नाही ही एक त्रुटी राहिली. दिवा पातळ ऑइलमुळे लुकलुकत होता की स्विचमुळे, हे त्यामुळे ठामपणे सांगता येत नाही. पंप वाचला एवढं नक्की.

चार्जिंग

मग गाडी चार किलोमीटरवरच्या गॅरेजला नेली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. इथे १३.० येत होते आणि हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावले की १२.२. आणलेला अल्टरनेटर लगेच बसवायला मुलगा अधीर होता. इलेक्ट्रिशियनने मात्र मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरली. लोड चालू असताना त्या दोन टोकांत जवळजवळ काहीच फरक नसायला हवा, ०.२ व्होल्टपर्यंत चालतो. इथे ०.९ होता. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी काढली तर तिच्या तारा हिरव्या पुडीत बदललेल्या, बोटांत चुरगळत होत्या. नवी पट्टी १८० रुपये. जागा पॉलिश पेपरने घासून पट्टी बसवली आणि चार्जिंग १३.४ वर आलं.

अजूनही थोडं कमीच. मग अल्टरनेटर उतरवला. कार्बन ब्रश झिजून जेमतेम उरले होते. ब्रश आणि रेग्युलेटर बदलून १,६५० झाले. सगळे दिवे लावून १४.१. बॅटरी पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट केली, तीही पास झाली. जुन्या बाजारातला अल्टरनेटर आजही ताईंच्या माळ्यावर आहे.

व्होल्टेज नीट झाल्याशिवाय बाकीच्या कोडांना हात लावायचा नाही, हे मी आग्रहाने पाळलं. अर्थिंग खराब असली की सेन्सर काहीही आकडे सांगतात आणि माणूस चांगले सेन्सर बदलत सुटतो. या गाडीतही पी०५६२ इथेच गेला. बाकी दोन राहिले, म्हणजे ते खरे होते.

ब्रेक : इथे मी चुकलो

हँडब्रेकच्या दिव्याकडे मी सगळ्यात शेवटी पाहणार होतो. लिव्हर हलवली की तो जायचा, म्हणून स्विच ढिला असेल असं मी मनाशी ठरवून टाकलं. ब्रेक ऑइल कमी झालं तरी हाच दिवा लागतो, आणि वळताना लागतो म्हणजे टाकीतलं ब्रेक ऑइल एका बाजूला जातं आणि तरंगता स्विच खाली बसतो, हे मी वर्गात दर वर्षी शिकवतो. तरी ते मला त्या दिवशी सुचलं नाही. मिस्त्रींनी सहज झाकण उघडलं तर ऑइल किमान खुणेच्या खाली.

ब्रेक ऑइल खर्च होत नसतं. ते कमी झालं म्हणजे एक तर पॅड झिजलेत, नाही तर कुठेतरी गळती आहे. इथे दोन्ही होतं. पुढचे पॅड दोन मिलिमीटरवर आलेले, आणि मागचा डावा ड्रम काढला तर व्हील सिलिंडरच्या रबराखालून ऑइल झिरपून लायनर भिजलेला. वरून ऑइल भरून टाकलं असतं तर दिवा विझला असता, आणि आम्ही सगळे समाधानाने पुढच्या कामाला लागलो असतो.

घरून गॅरेजपर्यंत चार किलोमीटर, पावसात, उतारावरून ही गाडी मी स्वतः मुलाला चालवायला सांगितली होती. सहा दिवस ताई तिच्यातच बसून खेपा करत होत्या. लाल दिवे तीन होते आणि मी त्यातला इंजिनचा जीव वाचवणारा आधी धरला, माणसाचा जीव वाचवणारा नंतर. पुन्हा असा प्रसंग आला तर गाडी एक मीटरही हलवण्याआधी ब्रेक ऑइलचं झाकण उघडेन. त्याला हत्यार लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, लायनर, पुढचे पॅड आणि नवं ब्रेक ऑइल मिळून ५,४०० रुपये झाले.

पिवळा दिवा

टेप काढल्यापासून पिवळा दिवा स्थिर पेटत होता. ब्रेक झाल्यावर आम्ही गाडी यवतेश्वरच्या घाटात काढली, कारण मिसिंग चढालाच होत होतं. दुसऱ्या वळणावर तो दिवा उघडझाप करू लागला. मुलगा म्हणाला, "सर, आता काय?" आता मागे फिरायचं. स्थिर पिवळा दिवा चार दिवस थांबू शकतो. उघडझाप करणारा म्हणजे मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन तिथे पेटतं आहे आणि तो जळतो आहे. टेपच्या वेढ्याखाली हा दिवा किती महिने असा उघडझाप करत होता कोण जाणे.

पी०१७१ साठी सीएनजी बंद करून गाडी पेट्रोलवर ठेवली आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहिला. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, आपल्या ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल देतो आहे ते त्यात दिसतं. आयडलला अधिक १९ टक्के, अडीच हजार आरपीएमला अधिक ६. ऑक्सिजन सेन्सर किंवा पेट्रोल पंपाची खोडी असती तर असा उतार सहसा दिसला नसता. आयडलला खूप आणि रेस केल्यावर कमी, म्हणजे कुठून तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आहे. गॅस किट असलेल्या गाडीवर पेट घेणारा स्प्रे मारून गळती शोधायला मी नाही म्हटलं. बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा घेतला, एक टोक मुलाच्या कानाला आणि दुसरं इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या नळ्यांवरून हळूहळू फिरवत नेलं. एका जागी तो म्हणाला, "इथं सूं वाजतंय." सीएनजी किट बसवताना मॅनिफोल्डच्या नळीत घातलेला रबरी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, होता तो, खालच्या बाजूने उभा चिरलेला. किंमत ६० रुपये. नवा बसवल्यावर ट्रिम ४ टक्क्यांवर आला.

राहिलं तीन नंबरचं मिसिंग. तिथला प्लग एक नंबरला आणि एकचा तीनला टाकला. घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो तर कोड पी०३०३ ऐवजी पी०३०१. मिसिंग प्लगच्या मागोमाग गेलं होतं. प्लग हातात घेऊन फिरवला, तेव्हा त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढावी तशी एक काळी रेघ दिसली. ठिणगी तिथून बाहेर पळत होती. चारही प्लग बदलले, ९९० रुपये.

सीएनजीची टाकी

टाकीवरच्या पट्टीवर हायड्रो टेस्टची तारीख २०२० ची होती. ही टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. म्हणजे गाडी विकली तेव्हा मुदत संपून वर्ष होत आलं होतं, आणि ताईंनी सहा दिवस त्याच टाकीत गॅस भरून खेपा केल्या होत्या. टाकी उतरवून अधिकृत केंद्रात टेस्ट करून घेतली, २,६०० रुपये. तोवर गाडी पेट्रोलवर.

याच मुद्द्यावर आम्ही एजंटाकडे गेलो. टेप आणि कोडवर वाद घातला असता तर तो आमच्यापेक्षा जास्त वेळ बोलू शकला असता. पण "कागदपत्रं क्लिअर" असं त्याने स्वतः लिहून दिलं होतं आणि टेस्टचा दाखला मुदतबाह्य होता, यावर बोलायला जागा नव्हती. ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, भांडायला आले नाही. टाकीचे द्या आणि ब्रेकला थोडा हातभार लावा." त्याने ४,००० रुपये दिले.

निष्पत्ती

मजुरी ४,२०० आणि ऑइल-फिल्टरचे २,३०० धरून दुरुस्तीचा खर्च १७,७०० झाला. वाया गेलेला अल्टरनेटर ३,५००, टेम्पोचे अकरा दिवस ७,१५०. एकूण २८,३५०, त्यातून एजंटाचे ४,००० वजा जाता २४,३५०. एस्टिमेट ४३,६०० चं होतं आणि त्यात फाटका टी, अर्थिंगची पट्टी, प्लग आणि टाकीची टेस्ट नव्हतीच.

कोड पुसल्यावर लगेच पासिंगला जायचं नाही, हे मुलाला बजावलं. ईसीयू आपल्या अंतर्गत चाचण्या पुन्हा पूर्ण करतो, त्याला थंड स्टार्ट, गावातली थांबत-थांबत चाल आणि हायवेची एकसारखी चाल असं सगळं लागतं. तीन दिवसांत त्या चाचण्या पूर्ण झाल्याचं स्कॅनरवर दिसलं आणि पिवळा दिवा चावीवर पेटून सेल्फनंतर विझला. सप्टेंबरमध्ये पासिंग पहिल्याच फेरीत झालं.

वेगळं काय करता आलं असतं, हे ताईंनी मला नंतर विचारलं. गाडी थंड असताना, सकाळी, न सांगता पाहायला जाणं. चावीवर दिवे मोजणं. पैसे देण्याआधी स्कॅनर लावून कोडच नव्हे, कोड कधी पुसले तेही पाहणं. हे तिन्ही मिळून अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासाच्या जोरावर किंमत पंधरा-वीस हजारांनी तरी खाली आली असती. गाडी त्यांनी तरीही घ्यावी असंच मी म्हटलं असतं. चॅसी आणि इंजिन दोन्ही खरंच चांगले आहेत. ड्रायव्हरकाकांची ती पारख चुकली नव्हती.

डिसेंबरमध्ये पिवळा दिवा पुन्हा आला. यावेळी ताईंनी स्वतः फोन केला : "सर, लागलाय, पण लुकलुकत नाही. आणि ब्रेक ऑइल बघितलं, भरलेलं आहे." कोड पी०४२०, कॅटलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. जुन्या मिसिंगने तो अर्धा जाळला असणार. नव्याची किंमत या गाडीला झेपणारी नाही, पीयूसीचे आकडे अजून मर्यादेत आहेत, मिसिंग नाही, ट्रिम ठीक आहे. तूर्त तो बदलायचा नाही, दर महिन्याला स्कॅनर लावून बाकी नवा कोड आला नाही ना एवढं पाहायचं, आणि पुढच्या पासिंगच्या दोन महिने आधी पुन्हा बसून ठरवायचं, असं आम्ही ठरवलं आहे. दिव्यावर टेप लावायची नाही, हे ताईंनी मला न विचारता सांगितलं.